दादाची वाकडी सीट

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून येतो. बायको म्हणते, जित्याची खोड. याच खोडीनं मला गोत्यात आणलं.

माझा थोरला भाऊ गेल्या वर्षी गेला. तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं समुद्राकाठचा सातशे किलोमीटरचा रस्ता सायकलनं करायला निघालो होतो. दीपगृहाच्या उतारावर दादा पडला, डावा पाय मोडला आणि पुढचे ऐंशी किलोमीटर राहूनच गेले. पाय जुळला, पण आखूड झाला. आता त्याच सायकलवर सगळा रस्ता पुरा करायचा, असं त्याच्या मुलीनं मनावर घेतलं. वहिनी म्हणाली, काका सोबत असेल तरच जा. झालं, साठीला टेकलेल्या काकाची वरात निघाली.

पुतणी दातांची डॉक्टर आहे. आमचा धंदा तसा एकच, फक्त मी पकड लावली तर सायकल ओरडत नाही.

निघण्याआधी मी दादाची सायकल पूर्ण खोलली. चेन धुतली, बेअरिंग बदलली, चाकांचा आऊट काढून ती डुगडुगणार नाहीत अशी सरळ केली. ब्रेकला तेवढा हात लावला नाही.

सहा दिवस आम्ही कडेकपारीतून सायकली दामटत होतो. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला खाली फेसाळणारं पाणी, आणि समोरून असा वारा की उतारालासुद्धा पेडल मारावं लागे. सातव्या दिवशी दुपारी एका वळणावर थांबलो. पुतणी सायकलच्या मागे दगडावर बसून पाणी पीत होती. एकदम म्हणाली, "काका, बाबांची सीट सरळ कुणी केली?"

लहानपणी ती कॅरिअरवर बसायची. बरोबर त्याच उंचीवरून तिनं वर्षानुवर्षं ती सीट पाहिलेली. टोक दोन बोटं डावीकडे वळलेलं, दादाचा आखूड पाय पेडलला पुरावा म्हणून. सगळ्याच सायकलींच्या सीटा तशा असतात, असं तिला वाटायचं म्हणे. मी सीट सरळ केली हे कबूल केलं. बाबांची तेवढीच तर खूण होती, ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. खोडीनं सरळ केली, हे खरंच. पण ते वाकडं टोक तीस वर्षं माझ्या डोळ्यांत खुपत होतं, हेही खरं. आता सांगितलं नाही तर संध्याकाळी त्या उतारावर तिच्याशेजारी उभं राहायची माझी लायकी नाही, असं वाटलं.

मी म्हणालो, "तुझ्या बाबाचा पाय माझ्यामुळे मोडला."

मग सगळं सांगितलं. उताराच्या आदल्या मुक्कामी मी दादाच्या पुढच्या ब्रेकला नवी वायर घातली होती. नट आधी हातानं आवळायचा, ब्रेक दाबून बघायचा, मग पाना लावायचा, अशी आमची पद्धत. मी हातानं आवळला. पाना लावायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी दादा रस्त्यावर पडला होता तेव्हा सुटलेली वायर त्याच्या हातात होती. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की वाळूवरून घसरलो.

त्यानंतर पंक्चरपासून स्पोकपर्यंत सगळ्या कामांना तो माझ्याच दुकानात आला. ब्रेक मात्र घरी स्वतः आवळायचा. आम्ही दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही. मला माफी मागायची होती, आणि ती मागायला माणूस उरला नाही.

पुतणीनं बाटली अडकवली आणि पुढे निघून गेली. वीस किलोमीटर मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती परत फिरेल, वहिनीला फोन करेल, पुन्हा मला काका म्हणणार नाही, असं काय काय मनात येत होतं. त्या चढांपेक्षा ते जड होतं.

उताराच्या तोंडाशी ती सायकल धरून उभी होती. खाली पांढरं दीपगृह दिसत होतं. मी पोचलो, दम घेतला.

"पाना काढ," ती म्हणाली.

मी पिशवी उघडली. सीट होती तशी वळवून देतो, म्हणालो.

"सीट राहू दे. माझे पाय सारखे आहेत." तिनं सायकल माझ्यापुढे केली. "ब्रेक बघून दे."

मी गुडघे टेकून बसलो. पाना दोनदा निसटला. पुढचा नट आवळला, मागचा आवळला, मग पुन्हा पुढचा. ती माझ्या हातांकडे बघत नव्हती. समुद्राकडे बघत होती.

"झालं?"

"झालं."

तिनं ब्रेक दाबूनसुद्धा बघितला नाही. सायकलवर बसली आणि उतारावरून निघाली. मी पाना हातात धरून तिथंच रडलो. मग डोळे पुसले आणि तिच्यामागे सायकल सोडली.