लोखंडाला न लागलेला हात

या मित्रांनो, बसा जवळ. एका माणसाची मान फासातून सुटली, ती गोष्ट सांगतो. खरी सुटली की चलाखीनं सुटली, हे मला अजून कळलेलं नाही.

मी एक जुना कठडा आहे. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्याला बसवलेला. त्याआधी मी मासेमारीच्या बोटीचं फळकूट होतो. बोट फुटली, सुतारानं मला तासलं, दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या मारल्या. नवा होतो तेव्हा न्यायाधीशसाहेब म्हणाले, "झकास काम." पुढं कुणी फडकंही फिरवलं नाही.

माझं काम आरोपींचे हात पेलायचं. त्यानं मी संशयी झालो. ढसाढसा रडणाऱ्याचे हात खडखडीत कोरडे. बायबलची शपथ घेणाऱ्याचे ओलेचिंब. कुणाचं खरं मानायचं?

मग वॅटी मोवॅट आला. कोळी माणूस. बोटीवरच्या साथीदाराला, जेम्स रीडला, त्यानं बोट ओढायच्या आकड्यानं मारलं. का, तर "जेम्स माझ्या चहात समुद्र कालवतो," म्हणे. मारल्यावर मात्र बोट धक्क्याला नीट बांधली, डेकही धुतला.

खून ठरला तर फाशी. पण आमच्या कायद्यात एक मधली वाट आहे. माणूस ठार वेडा नाही, पण डोकं इतकं बिघडलंय की सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. तसं ठरलं तर तो खून नव्हे, फास नव्हे, तुरुंग. एक डॉक्टर म्हणाला, बिघडलंय. दुसरा म्हणाला, सोंग आहे.

"नाटक्या आहे लेकाचा," उजवीकडचा शिपाई पुटपुटला. "गाठ बघितलीस बोटीची? माझ्या बायकोला बुटाची नाडी एवढी धड बांधता येत नाही."

"तुला बांधलंय की धड," डावीकडचा म्हणाला. "गप आता. म्हातारी बघतीये."

म्हातारी म्हणजे वॅटीची आई, बेथिया. रोज माझ्यापाशी थांबून विचारायची, "वॅटी, जेवलास का रे?" तो तिच्याकडं बघायचाही नाही. मला वाटायचं, पक्का आहे हा.

सरकारी वकील एडिनबराचा. शेवटच्या भाषणात त्याचा आवाज चढला. "डुकरालाही कुणी असं मारत नाही."

झालं. आमच्या किनाऱ्यावर कोळ्यांपुढं त्या जनावराचं नाव काढत नाहीत. निघालंच तोंडून, तर झटकन लोखंडाला हात लावायचा, नाहीतर समुद्र कुणालातरी नेतो. शेंबडं पोरही विचार न करता लावतं. सगळं कोर्ट हललं. कुणी किल्ली धरली, कुणी बाकाचा खिळा. शिपायांनी हातकडी चाचपली, बेथियानं शालीची पिन. निकाल देणाऱ्या ज्युरीतली माणसं इथलीच, तीही वाकली. वकील बावचळून बघत राहिला.

वॅटीच्या बोटांशेजारीच माझी पट्टी. हात हलला नाही.

ज्युरीतला पिंपं बनवणारा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "अरे, कोळ्याचा हात लोखंडाकडं गेला नाही! डोक्यानं हा आपल्यात राहिलाच नाही."

ज्युरीनं मधली वाट धरली. फास टळला. बेथिया माझ्यापाशी आली, म्हणाली, "आता तरी जेव बाबा."

पण मित्रांनो, ज्युरीला दिसलं नाही ते मला जाणवलं. त्याची करंगळी पट्टीकडं केसभर सरकली, आणि थांबली. आवरली त्यानं? मग सगळं सोंगच. की अर्धामुर्धा वॅटी अजून आत होता, आणि हात उचलायचं बळच त्याच्यात उरलं नव्हतं? मी सगळ्यांवर संशय घेतला, पण त्या करंगळीपाशी माझाच मला संशय येतो.

आता कोर्टात काचेचा पिंजरा आलाय. मी तळघरात, ओल धरून पडलोय. परवा कुणी म्हणालं, जळणाला बरा आहे. जाळा हवं तर. पण त्याआधी तुमच्यापैकी ज्याला कुणाला माणूस वाईट ठरवायची घाई झाली असेल, त्यानं खाली यावं, माझ्यावर घडीभर हात ठेवावा, आणि तो स्वतः त्या ज्युरीत असता तर काय म्हणाला असता, ते मला खरं खरं सांगावं.