सहा पावलांचा पूल

"अहो बाई, लाकूड आहे ते, लोणी नाही!" माळीकाका ओरडलेच. पूल तपासायला आलेल्या इंजिनीअरबाईंनी फळीवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला काय, तो मुठीपर्यंत आत गेला.

बागेच्या मागच्या कोपऱ्यात, दगडांनी भरलेल्या कोरड्या नाल्यावर हा सहा पावलांचा लाकडी पूल. लोक कारंज्यापाशी फोटो काढत. इकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. काकांनी मात्र तो बावीस वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला होता. दरवर्षी हिरवा रंग, तोही स्वतःच्या हातानं. रंगारी बोलवा म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं.

बाईंनी दुसरी फळी टोचली, मग तिसरी. आतून काळा, ओला भुसा आला.

"काका, रंग कसा देता तुम्ही?"

"कसा म्हणजे? सकाळी पाइप लावून लखलखीत धुतो, दुपारी लगेच ब्रश. धुळीला बसायला सवडच देत नाही!"

"वाळू देत नाही?"

काकांनी तो ओला भुसा चिमटीत धरून पाहिला.

"दरवर्षी पाणी आत कोंडलंत, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सगळं कुजलंय. वर उरलाय तो नुसता रंग."

काका मटकन खाली बसले. बावीस वर्षं! आणि मग एकदम आठवलं. नात! शाळा सुटली की पोर याच पुलावरून यायची, मधोमध थांबून दणादण उड्या मारायची. "मार गं, मार! आबाचा पूल आहे, हत्ती नाचला तरी हलायचा नाही!" असं म्हणणारे शहाणे कोण? हेच. कालसुद्धा म्हणाले होते.

पलीकडून दप्तर हिंदकळत येताना दिसलं.

"थांब! पाय ठेवू नकोस!"

नात जागीच थिजली. आबांनी आजवर तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. काका धडपडत नाल्यात उतरले, दगडांतून पलीकडे गेले आणि तिला उचलून घेऊन आले.

"काय झालं पुलाला, आबा?"

"कुजलाय."

"कुणी कुजवला?"

"मी."

"चल, काहीतरीच!" नात हसली, आणि जाता जाता तिनं कठड्याच्या चकचकीत रंगावरून हात फिरवला.