लेखातली मुलगी

सरजाबाईनं पंचफुलाच्या हातातून दोर काढून घेतला आणि पोहरा स्वतःच विहिरीत सोडला.

"तू कशाला शेंदायलीस, बाई? मागं सर. आमी हाओत की."

"काकू, माझ्या हाताला काय झालंय?"

सरजाबाईनं दोन्ही हंडे भरून दिले आणि डोळ्यांना पदर लावला. हीच सरजाबाई मागच्या महिन्यापर्यंत पाण्याच्या नंबरावरून पंचफुलाच्या सात पिढ्या उद्धरायची.

सगळं त्या लेखापासून सुरू झालं. पंचफुला एसटीनं सोनपेठला शाळेत जायची. कुण्या टारगटांनी गावच्या एसटी शेडवर कोळशानं तिचं नाव लिहिलं, पुढं नको ते जोडलं. पुसलं की पुन्हा नवं. आधी ती खूप रडली. मग एका सकाळी शेणाची पाटी घेऊन गेली, चारचौघांदेखत भिंत सारवली आणि हात धुऊन एसटीत बसली.

प्रकरण तिथंच मिटायचं. पण गावातले दिनकरराव गुरुजी परभणीच्या एका साप्ताहिकात लिहीत. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांतून उरलेल्या जागेत त्यांचा लेख आला. त्यात गावाचं नाव नव्हतं, मुलीचं नव्हतं. शेण सारवणंही नव्हतं. लेखातली मुलगी शेवटी विहिरीत उडी घेत होती.

लेख पारावर मोठ्यानं वाचला गेला. म्हातारे हळहळले, टारगटांच्या बापांनी पोरांना बदडलं, शेडला चुना लागला. लेखानं आपलं काम चोख केलं. फक्त गाव तेवढ्यावर थांबेना. आता ही पोरगीही तसंच काही करून बसेल, ही धास्ती घरोघर बसली. आई, कस्तुराबाई, परसाकडंलाही पंचफुलाच्या मागोमाग येऊ लागली. बापानं, चंद्रभाननं, घराच्या धाब्यावर चढायची शिडी काढून ठेवली.

"जीव हाय तर शाळा हाय," तो म्हणाला. "यंदा घरीच ऱ्हा."

दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. पंचफुलाचा जीव गुदमरत होता. शिव्या दिल्या असत्या तर तिला भांडता तरी आलं असतं; डोळे पुसणाऱ्यांशी कसं भांडायचं, हे तिला कळेना.

दुपारी आईचा डोळा लागला तशी ती निसटली. गुरुजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"गुर्जी, ती पोरगी वाचली म्हणून लिवा. परीक्षेला बसली म्हणून लिवा."

"अगं, तसं लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं का? शेडला चुना लागला तो तिच्या मरणामुळं."

"पर मेलंय कोण? मी तुमच्या म्होरं हुबी हाय."

गुरुजींचा अडकित्ता थांबला. ते ओशाळून हसले.

"ते मीच मनानं रचलं गं. लोकांना लागावं म्हणून."

"मग माझ्या बाला तेवढंच सांगा. तुमचं ऐकतेत ते."

"सांगतो. संध्याकाळीच येतो."

पंचफुलाला इतकं हायसं वाटलं, की ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. चपला घालून पायरी उतरू लागली.

"एकटीच आलीस?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय. माय झोपलीय."

गुरुजी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग अडकित्ता खाली ठेवून उठले.

"जरा थांब, पोरी," ते म्हणाले आणि आत बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? हिच्यासोबत जा. वाटेत विहीर आहे. घरात शिरलेली बघ, मगच माघारी ये."