अंजनाचं टपाल

राजरत्नने अंजनाच्या नावावर दोन शब्दांची चाचणी ईमेल पाठवली, टंकलेखक तानाजीच्या टेबलावरचा मोडेम सोडवून तिच्या टेबलावर आणला आणि फोनची वायर खोचली. मोडेम घरघरला, किंचाळला, गप्प झाला. मिनिटभरात चाचणी पडद्यावर हजर.

"आली की," तो म्हणाला.

"तुमची आली. बाकीच्यांची आठवडा झाला, एक न्हाई," अंजना म्हणाली.

ठिबकच्या नळ्या करणाऱ्या त्या कारखान्याच्या पलूस कचेरीत संगणक पाच आणि मोडेम एक. ज्याची पाळी असेल त्याच्या टेबलावर तो जायचा, आणि साताऱ्याच्या मुख्य कचेरीत साठलेली त्याची ईमेल खाली उतरायची. एकदा उतरली की तिकडची पेटी रिकामी. नव्याण्णव साली एवढी सोय म्हणजे चैनच होती. बाकी चौघांचं बिनबोभाट चाललं होतं. अडलं होतं ते एकट्या अंजना कोळेकरचं. म्हणून साताऱ्याहून राजरत्नला पहिल्या एसटीने धाडलं होतं.

अंजना नळ्यांच्या तपासणीवर होती. साताऱ्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला होता आणि उत्तर ईमेलनेच येणार होतं. त्याच सुमाराला जतकडे तिचे वडील वारले. रजा शिल्लक नव्हती, म्हणून पाचव्या दिवशी ती कामावर परतली. उद्या बारावं होतं. उत्तराची वाट बघणं हा एवढ्यात तिला तेवढाच एक विरंगुळा उरला होता, आणि नेमकी पेटी कोरडी पडली होती.

राजरत्नने साताऱ्याला फोन लावला. तिकडच्या माणसाने नोंदी चाळून सांगितलं, की अंजनाची पेटी रोज सकाळी नऊ पस्तीसला कुणीतरी रिकामी करतंय.

"नऊ पस्तीसला मी गोदामात असते," अंजना म्हणाली. "माझी पाळी सव्वादहाची."

मोडेमच्या पाळ्यांचा कागद भिंतीला चिकटवलेला होता. सगळ्यांत वर, साडेनऊच्या पुढे, आकाराम हेडक्लार्कचं नाव होतं.

आकाराम निवृत्तीला टेकलेले. कचेरी त्यांना अण्णा म्हणायची. राजरत्न त्यांच्या संगणकाकडे वळला तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"शोधू नगा," ते म्हणाले. "मीच उतरवून घेतोय."

अंजना गावी होती तेव्हा कचेरीच्या साहेबांनीच तिचं टपाल अण्णांकडे वळवायला लावलं होतं. पासवर्ड म्हणजे तिच्या मुलाचं नाव. ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. ती परतली तरी अण्णांनी ते तसंच ठेवलं होतं. कामाची पत्रं ते स्वतःच निस्तरत होते.

"का पण, अण्णा?"

अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या जागंचं पत्र आलंय. न्हाई म्हणत्यात. आमचं वडील गावात पोस्टमन हुते. दुखवट्याच्या घरी दुसरी वाईट तार आली, तर बारावं झाल्याबिगर हातात देत नव्हते. तसंच मी केलं. परवा तुला देणारच हुतो."

अंजना खुर्चीत बसली. म्हणाली, "बापासाठी रडतच हुते की मी. त्यातच हेबी रडून झालं असतं."

अण्णांना खरंच वाईट वाटत होतं.

राजरत्नने तोवर अण्णांच्या संगणकावर पत्र उघडलं होतं. अण्णांचं इंग्रजी बेताचं, पण 'रिग्रेट' हा शब्द त्यांना चांगला माहीत होता. बढतीच्या तीन अर्जांना त्यांना तीनदा तो आला होता, आणि त्याच्यापुढे वाचण्यासारखं कधीच काही नव्हतं. याही पत्रात तो पहिल्याच ओळीत होता. ते तिथेच थांबले होते.

"अण्णा, खाली अजून हाय," राजरत्न म्हणाला. "साताऱ्याची जागा भरली म्हणत्यात. पण वडूजला कोरडवाहू शेतीसाठी नवं केंद्र निघतंय, तिथं प्रमुख म्हणून याल का, असं इचारलंय. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं होतं."

पंधरा तारीख कालच होऊन गेली होती.

तानाजीने टंकलेखन थांबवलं. अंजना पडद्याजवळ आली, पत्र तळापर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं.

"मोडेमचा बिघाड होता असं मी लिहितो," राजरत्न म्हणाला. "त्याची देखभाल माझ्याकडंच हाय. माझ्यावर येईल, येऊ दे."

"बिघाडाला कोण मुदत वाढवून देतंय?" अण्णा म्हणाले. "मशीन रोजच बिघडतंय. खरं काय ते मी लिवतो."

अण्णांनी आजवर ईमेल नुसती छापून फायलीला लावली होती, पाठवली एकही नव्हती. साताऱ्याला लिहायचं, इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने, अर्धा तास लागला. अंजना मागे उभी राहून वाचत होती. पत्र मी दडवलं, बाईंचा दोष नाही, त्यांना वडूज द्यावं, असं साधं सरळ लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: शिक्षा म्हणून मला आजच कामावरून कमी करावे.

"ही ओळ नको," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. त्याबिगर त्यांना पटायचं न्हाई."

तिचा राग गेला नव्हता. एवढ्यात जाईल असंही तिला वाटत नव्हतं. तिने अण्णांच्या खांद्यावरून हात पुढे केला, ती ओळ उलट्या बाजूने एकेक अक्षर करत पुसून टाकली आणि राजरत्नला म्हणाली,

"लावा मोडेम."