बटाट्यानं कोणतं पाप केलं?

"लाल झाली! पुन्हा लाल झाली!"

चर्चच्या पायऱ्यांवरून ब्रदर सेवेरीननं आरोळी ठोकली आणि अंगणातल्या गर्दीनं एकदम गुडघे टेकले. ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांनी शेजाऱ्याच्या पायावर टेकले. शेजारच्या खोऱ्यांतून घोडागाड्या भरभरून माणसं आली होती. एका सुनेनं तर सासऱ्याला खाटेसकट आणलं होतं. "अगं, मला काही झालेलं नाही, नुसती झोप येतेय," असं तो बिचारा सांगत होता, पण चमत्काराच्या दारात आजाऱ्याचं ऐकतो कोण?

ब्रदरच्या हातात काचेचा पेला होता. पेल्यात मिस्सेची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, पवित्र भाकर. भाकर म्हणायची, एरवी ती पापडाहून पातळ, गोल, पांढरी चकती. या चकतीवर मात्र लालभडक ठिपके उमटले होते, टाचणी टोचल्यावर बोटावर उमटतात तसे.

"बघा, प्रभूचं रक्त!" ब्रदर कळवळून म्हणाला. "का वाहतंय? विचारा मला, का वाहतंय?"

"का वाहतंय?" गर्दीनं इमानेइतबारे विचारलं.

"कारण या पवित्र वास्तूत आपण उठलो की ते येऊन बसतात!"

'ते' म्हणजे प्रोटेस्टंट. ते तिथेच फाटकापाशी, आपली वेळ व्हायची वाट पाहत उभे होते. एलर्सवाइलर गावात चर्च एकच. आठ वाजता कॅथलिकांची मिस्सा, दहा वाजता प्रोटेस्टंटांची उपासना, हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. भांडणंही तितकीच जुनी. फादर किलियान धूप जाळतात म्हणून पास्टर वेंट्झ शिंकत शिंकत उपदेश करायचे, आणि पास्टरांचा उपदेश संपता संपत नाही म्हणून फादरांची दुपारची प्रार्थना खोळंबायची. पण ही भांडणं घरातल्यासारखी होती. एकमेकांच्या लग्नात दोघंही भरपूर वाइन प्यायचे.

अंगणाच्या कडेला कॅथलिक शाळेतल्या वाल्बुर्गाबाई उभ्या होत्या. त्यांनी गुडघे टेकले नव्हते. ब्रदरच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आणि काय आश्चर्य!" तो बोट रोखून म्हणाला. "ज्यांचा बाप प्रोटेस्टंट, त्याच बाई आपल्या लेकरांना धर्म शिकवतात. अर्धी कोंबडी, अर्धं बदक! अशांना शाळेतून काढल्याशिवाय हे रक्त थांबायचं नाही."

लोकांनी माना वळवून बाईंकडे पाहिलं. त्यांत बाईंनी अक्षरं गिरवून घेतलेली माणसं होती. एकानंही नजर भिडवली नाही.

सुरुवात साधीच होती. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत म्हाताऱ्या ओटिलियाच्या तोंडातून पवित्र भाकर खाली पडली. अशी भाकर पुन्हा कुणाला देत नाहीत, टाकून तर मुळीच देत नाहीत. रिवाजाप्रमाणे फादरांनी ती विरघळावी म्हणून पाण्यात घालून वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि विसरले. कपाट उघडलं तेव्हा ती लाल. ओटिलियानं किंकाळी फोडली, आणि किंकाळीचा वास लागल्यासारखा आठवड्याच्या आत हा ब्रदर सेवेरीन उगवला. कोणत्या मठाचा? तो म्हणे, "सगळ्यांचाच." तेव्हापासून दर आठवड्याला फादर नवी भाकर कपाटात ठेवायचे आणि रविवारपर्यंत ती लाल व्हायची. ज्या पाण्यात ती ठेवलेली असे त्यात सुती दोरे बुडवून ब्रदर ते मनगटांवर बांधायचा. दोरा फुकट. श्रद्धेनं कुणी हॅम दिला, सॉसेजची माळ दिली, तर प्रभूचा अवमान नको म्हणून घ्यायचा. महिनाभरात त्याची हनुवटी दुप्पट झाली होती.

ओटिलियानं दोरा बांधला आणि डॉक्टरनं दिलेलं डोळ्यांचं औषध खिडकीतून फेकून दिलं. डोळे आणखी चिकटायला लागले. "रोग बाहेर पडतोय," ब्रदर म्हणाला.

त्या दुपारी वाल्बुर्गाबाई तिच्याकडे गेल्या. "आजी, एक दोरा मला द्याल?"

"दोन आहेत माझ्याकडे. पण बाई, तुमचा विश्वास आहे का?"

"दोऱ्यावर आहे की नाही, तेच बघायचंय."

बाईंना शिक्षिकांच्या विद्यालयातली एक गोष्ट आठवत होती. इटलीत कुठेतरी मक्याची उकड रात्रीतून लाल झाली होती आणि लोक भूत भूत म्हणून पळत सुटले होते. मग एका औषधांच्या जाणकारानं दाखवलं, की ही बुरशीसारखी जिवंत वाढ आहे. डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक, उबेत आणि ओलाव्यात फोफावणारी. बाईंनी घरी एक बटाटा उकडला, कापला, अर्धा भाग ताटात ठेवून त्याच्यावर तो दोरा टेकवला आणि वाडगं पालथं घालून चुलीजवळ ठेवला. दुसरा अर्धा भाग दोऱ्याशिवाय, दुसऱ्या वाडग्याखाली.

दोन-तीन दिवसांनी वाडगी उचलली. कोरा बटाटा पांढराच. दोरा टेकवलेला बटाटा मात्र खाटकाच्या ओट्यासारखा लालभडक. बाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग तसंच ते ताट टोपलीत घालून फादरांकडे निघाल्या.

फादर किलियान मऊ माणूस. एरवी चर्चमध्ये जांभया देणाऱ्या पाच म्हाताऱ्या असायच्या, आता पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी गर्दी नाकारणं कुणाच्या जिवावर येणार नाही? योगायोगानं पास्टर वेंट्झही तिथेच होते, आणि नेहमीप्रमाणे जुंपलेली होती.

"मी म्हणतो, ती आठवण आहे, आठवण!" पास्टर टेबल बडवत होते. "प्रभू म्हणाला, माझ्या स्मरणार्थ करा."

"प्रभू म्हणाला, हे माझं शरीर आहे. 'आहे' म्हणाला. तुम्हाला 'आहे'चा अर्थ कळत नसेल तर व्याकरण शिका."

"मग त्यानं मी द्राक्षवेल आहे असंही म्हटलंय. लावू का त्याला मांडवावर?"

"तुमचं झालं की मला हे दाखवायचंय," म्हणत बाईंनी ताट मध्ये ठेवलं. दोघंही त्यावर वाकले.

"हे काय?" फादरांनी विचारलं.

"बटाटा आहे, फादर. ब्रदरचा दोरा लावला होता."

पास्टर खो खो हसत सुटले. फादरांचा चेहरा पडला. "पण वाल्बुर्गा, म्हणून भाकरीवरचं ते खोटं कसं? देवाला काय अशक्य आहे?"

"अशक्य काहीच नसेल. पण फादर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की भाकरीचं प्रभूचं शरीर होतं ते तुम्ही मिस्सेत शब्द उच्चारल्यावर. त्याआधी ती काय?"

"त्याआधी? पीठ आणि पाणी."

"मग या वेळी कपाटात मिस्सेची भाकर ठेवूच नका. मठातून डब्यात येते तशीच कोरी ठेवा. तिच्यावर एक अक्षर म्हणू नका. ती लाल झाली तर रक्त कुणाचं?"

फादरांनी ताट जवळ ओढलं. त्यांनी उभं आयुष्य त्या पांढऱ्या चकतीपुढे घालवलं होतं. ते म्हणाले, "खरं सांगू? पहिल्या दिवसापासून मला ते रक्त आवडलं नव्हतं. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायला मी शिकलो. हा माणूस मला रोज दाखवायला निघालाय."

"आणि कपाटापर्यंत कोण जातं, तेही कळायला हवं," बाई म्हणाल्या. "दानीएलनं केलं तसं करू. जमिनीवर राख चाळू."

"कोणता दानीएल?" पास्टरांनी भुवया चढवल्या.

"बाबिलोनच्या बेल देवाच्या पुजाऱ्यांना पकडणारा. राजा म्हणायचा, मूर्ती रोज जेवते. दानीएलनं देवळात राख पसरली आणि सकाळी पुजाऱ्यांच्या बायकापोरांची पावलं दिसली."

"ते प्रकरण आमच्या शास्त्रात नाही!" पास्टर म्हणाले. "ते मागाहून जोडलेलं. वाचायला बरं, पण त्यावर सिद्धांत उभारता येत नाही."

"मागाहून तुम्ही काढलंत!" फादर उसळले. "चांगलं जाडजूड पुस्तक होतं, तुम्ही सात पुस्तकं गाळून हडकुळं केलंत!"

"पास्टरसाहेब, मला सिद्धांत उभारायचा नाही," बाई म्हणाल्या. "फक्त पावलं बघायचीत."

यावर दोन्ही पंथांनी मान डोलावली.

गुरुवारी संध्याकाळी फादरांनी डब्यातली कोरी चकती पाण्यात ठेवली. बाईंनी वेदीमागच्या खोलीत पीठ चाळायच्या चाळणीनं राख पसरली. राखाडी फरशीवर ती दिसतही नव्हती. दाराला कुलूप लागलं. वरच्या ऑर्गन वाद्याकडून येणारा अरुंद जिना मात्र नेहमीसारखा उघडा राहिला.

रविवारी गर्दी आणखी वाढली. ब्रदर सेवेरीन डोळे मिटून पायरीवर उभा राहिला. "कपाट अजून उघडलेलं नाही. पण मला दिसतंय! प्रभूच्या देहातून या वेळी रक्ताची धार लागलीय!"

"चला, बघू या," फादर म्हणाले. "आलोइस, तू ये. प्रोटेस्टंटांकडून बेकरीवाल्या फिलिपीनाबाई, तुम्ही या. उंबऱ्याबाहेरच उभे राहा."

आलोइस म्हणजे गावचा खाटीक, आवाज घंटेसारखा. कुलूप निघालं. फादरांनी भिंतीच्या कडेकडेनं कपाटापर्यंत जाऊन पेला आणला आणि तसेच पायरीवर येऊन उभे राहिले. चकती लालेलाल झाली होती. लोक गुडघे टेकू लागले.

"उठा!" फादर ओरडले. त्यांना ओरडताना गावानं पहिल्यांदाच ऐकलं. "उठा सगळे! ही पवित्र भाकर नाही. हिच्यावर मी मिस्सा म्हटलेली नाही. मठातून आली तशी डब्यातून काढून ठेवली. हे नुसतं पीठ आहे, पीठ! ब्रदर, तुम्हाला प्रभूचा देह कुठून दिसला?"

अंगणात एवढी शांतता पसरली, की याही रविवारी खाटेसकट आणलेल्या सासऱ्याचं घोरणं ऐकू आलं.

ब्रदरनं हार मानली नाही. "प्रभूची लीला! तुमच्या संशयाला शिक्षा म्हणून पीठसुद्धा..."

"पावलं आहेत!" आतून आलोइस गरजला. "राखेत पावलं आहेत! जिन्याकडून कपाटाकडे, कपाटाकडून जिन्याकडे. आणि ही चपलेची आहेत!"

गावात सगळे लाकडी बूट घालायचे. संतांसारखं दिसावं म्हणून उघड्या चपला घालणारा गावात एकच होता. शेकडो नजरा हळूहळू त्याच्या पायांवर उतरल्या. चपलेच्या कडांना राख लागलेली होती.

"थांबा, आणखी एक जोडी आहे," फिलिपीनाबाई वाकून म्हणाल्या. "ही घरात घालायच्या मऊ लोकरी सपातांची. कपाटापर्यंत गेलीत, बराच वेळ घुटमळलीत आणि परत फिरलीत. अहो पास्टरसाहेब, या तर..."

पास्टर वेंट्झ कानापर्यंत लाल झाले. "मी... माझा चष्मा राहिला होता."

"वेदीमागच्या खोलीत? तुम्ही तिथे कधी जाता?"

"शुक्रवारी... बरं, बघायला गेलो होतो!" पास्टर भडकून म्हणाले. "राखेचं पार विसरलो. म्हटलं, खरंच झालं असलं तर? नुसतं बघितलं. हात लावला नाही!"

हशा उठला तो आवरेना. त्या गडबडीत ब्रदर सेवेरीन फाटकाकडे सरकला, पण बाई आधीच तिथे उभ्या होत्या.

"ब्रदर, तुमच्या गळ्यात ती पत्र्याची डबी आहे ना, तिच्यात काय आहे?"

"संताचा अवशेष आहे. अपवित्र हातांनी..."

आलोइसनं पवित्र-अपवित्रचा फार विचार न करता डबी काढून उघडली. आत उकडलेल्या बटाट्याचा एक काप होता, लाल, बुळबुळीत, आणि त्याच्या वासानं पहिल्या रांगेतली माणसं मागे सरली. शेजारी एक बारीक कुंचला.

"कोणत्या संताचा अवशेष?" कुणीतरी मागून विचारलं.

"संत बटाटेश्वर!" आलोइस म्हणाला.

मग बाईंनी टोपलीतली ताटं काढून पायरीवर मांडली. एक बटाटा कॅथलिक वाडीतला, एक प्रोटेस्टंट वाडीतला. दोऱ्याचे दोन्ही लाल, बिनदोऱ्याचे दोन्ही पांढरे. "पहिल्यांदा ओलाव्यानं ही वाढ आपसूक आली," त्या म्हणाल्या. "पुढे दर आठवड्याला या माणसानं कुंचल्यानं लावली. चुलीजवळ ठेवा, तुमच्याही घरी येईल. प्रभूला प्रोटेस्टंटांचा राग आला म्हणता, तर मला एवढंच सांगा, बटाट्यानं कोणतं पाप केलं?"

लोकांनी मनगटावरचे दोरे काढले. काहींनी उघड, बऱ्याच जणांनी खिशात हात घालून. ब्रदरला कुणी मारलं नाही. खाटेवरच्या सासऱ्यानं जागं होऊन त्याला दोन शिव्या दिल्या आणि आपल्या पायांनी घरी निघाला. ब्रदर डोंगराकडच्या रस्त्यानं गेला, हॅम न घेता.

ओटिलिया मात्र बाकावर रडत बसली होती. बाई शेजारी बसल्या.

"बाई, मग मी इतके दिवस गुडघे टेकले ते फुकटच?"

"देवापुढे टेकलेत ते तुमचं आणि देवाचं, आजी. त्यात मी बोलणार नाही. पण दोरा ठगानं बांधला आणि औषध तुम्ही फेकलंत. जो संशयाला शिक्षा सांगतो आणि शेजाऱ्यावर बोट दाखवतो, त्याचा देवाशी संबंध नसतो. विचारल्यानं खरं काही मोडत नाही. चला, डॉक्टरकडे जाऊ."

बाईंची नोकरी राहिली. ज्यांनी नजर चुकवली होती त्यांतल्या दोघा-तिघांनी दारात प्लमचा केक आणून ठेवला, तोंडानं मात्र काही बोलले नाहीत. ते बाईंना लागलं, पण केक त्यांनी खाल्ला. फादर आणि पास्टर 'आहे'च्या अर्थावरून पुन्हा भांडायला लागले. ते भांडण बटाट्यानं मिटणारं नव्हतं, आणि तसा दावा बाईंनी केलाही नाही.

वसंतात पलीकडच्या खोऱ्यातून एक बाई धावत आली. तिकडच्या एका घरात भिंतीवरच्या मरियामातेच्या तसबिरीला घाम फुटत होता म्हणे. गाड्या जुंपायची तयारी सुरू झाली. ओटिलियाचे डोळे आता चांगले झाले होते. ती काठी टेकत पुढे आली.

"त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे गं?"

"पलीकडे? धोबीघर आहे. पण आजी, खरंच घाम येतोय! मी तर तिथेच गुडघे टेकले!"

"आधी धोबीघर बघून येऊ," ओटिलिया गाडीत चढत म्हणाली. "गुडघे काय, नंतरही टेकता येतात."