डावी राइड

मास्तरांनी स्टँडचा पाय धरून ओढला, तेव्हा ड्रमरने वरून झांज धरून ठेवली. दोघेही क्षणभर तसेच राहिले. एक वाकलेला, एक उभा.

"सोडा," ड्रमर म्हणाला.

"तुम्ही सोडा. बाईंच्या गाण्याच्या कागदांचा स्टँड कुठे ठेवू मग? माझ्या डोक्यावर?"

"ठेवा. मोकळंच आहे."

मागे बासचं खोकं उघडत असलेला ड्रमरचा मेव्हणा फिसकन हसला. मास्तरांनी टकलावरून हात फिरवला, पण स्टँडचा पाय सोडला नाही.

स्पोर्ट्स क्लबचा हॉल होता तो. लाकडी जमिनीवर बॅडमिंटनचे पट्टे आखलेले. दर रविवारी चार ते सहा तिथे निवृत्त लोकांचा नाच चाले आणि हे चौघे वाजवत. पियानो मास्तरांचा होता, म्हणून बँडही मास्तरांचा होता. स्टेज म्हणजे वीतभर उंचीच्या आठ फळ्या. त्यावर पियानो, बास, ड्रम आणि गाणारी बाई एवढं बसवायचं म्हणजे कपाटात पाहुणे झोपवण्यासारखं होतं.

आणि ड्रमरकडे राइड दोन होत्या.

राइड म्हणजे मोठी झांज. गाणं चालू आहे तोवर काठी तिच्यावर चालत राहते, तिच्या तालावरच बाकीच्यांचे पाय पडतात. बहुतेक लोकांचं एकीवर भागतं. याची उजवीकडची जाड होती, स्वच्छ वाजायची, नाण्यावर नाणं टेकवावं तशी. डावी पातळ आणि काळपट. तिला कडेने चार खिळे सैल बसवलेले होते. काठी पडली की खिळे थरथरायचे आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तसा आवाज मागे रेंगाळत राहायचा.

"सहा महिने झाले," मास्तर म्हणाले. "सहा महिन्यांत तुम्ही तिला एकदाही काठी लावलेली नाही. नुसती उभी असते. अहो, स्टेजवर जागा अडवायची तर वाजायला नको?"

"तिची आहे ती."

"ती आता नाही."

"मला सांगू नका. मी होतो तिथे."

मेव्हण्याने खोक्यात डोकं घातलं. मास्तरांनी पाय सोडला, उभे राहिले आणि गुडघे झटकले. मास्तर तसे वाईट नव्हते. ती हॉस्पिटलात होती तेव्हा रोज संध्याकाळी येऊन बसायचे.

"आज वाजवा, नाहीतर उतरवा," ते म्हणाले. "दोन्ही जमत नसेल तर पुढच्या रविवारी गॅरेजवाल्याला बोलावतो. त्याचा अख्खा ड्रमसेट स्टुलाएवढा आहे. मला वाईट वाटेल. पण बोलावीन."

 ड्रमरने डावी राइड होती तिथेच परत ठेवली, एक इंचही न हलवता.

बावीस वर्षांपूर्वी त्याने ती आणली होती. दुकानातच बायकोला म्हणाला होता, "तुझ्या आवाजाला शोभेल." ती बँडची गाणारी होती. तेव्हापासून त्याचा नियम होता. पियानो असो, बास असो, नाचणाऱ्यांची फर्माईश असो, काठी उजवीवर. ती गायला लागली की डावीवर. त्याचा हात डावीकडे गेला की ती मान उजवीकडे वळवायची. मागे बसलेल्या त्याला तिच्या गालाची कड दिसायची, कानातली कुडी दिसायची. एकदाही चुकली नाही. आपण बरोबर केलं, हे त्याला त्यावरून कळायचं. घरी या गोष्टीवर दोघं कधी बोलले नाहीत. बोलायचं काय त्यात?

आता हात अर्ध्यात जाऊन परत यायचा. समोर वळायला मान नव्हती.

नवीन गाणारी बाई नर्स होती. ड्यूटीवरून थेट आली. सपाट बूट, खांद्याला जड पिशवी. पिशवी पियानोखाली सरकवून म्हणाली, "सकाळपासून उभी आहे. लवकर सुरू करा, नाहीतर उभ्याउभ्या झोपेन." नाच सुरू व्हायला पाऊण तास होता.

तालमीतलं पहिलं गाणं संथ होतं. मास्तरांनी सुरुवात केली, बास आला. ड्रमरने चार ठोके उजवीवर टाकले. नर्सबाईंनी तोंड उघडलं आणि त्याने हात डावीकडे नेला. नेला म्हणजे ढकलला. जिना उतरताना अंधारात पुढची पायरी चाचपावी, तसा.

खिळे थरथरले.

नर्सबाईंची मान उजवीकडे वळली.

 ताल सुटला नाही, हाताला सवय होती. पण त्याला समोरचं नीट दिसेना. गाल वेगळा होता, मान आखूड होती, तरी वळली होती तशीच. मास्तरांनी पियानोवरून त्याच्याकडे बघून मान हलवली. जमलं, असं म्हणत असावेत.

मग नर्सबाईंनी हात वर केला. सगळे थांबले.

"काका, रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "पण ते काय वाजतंय माझ्या डाव्या कानात? माझेच शब्द मला ऐकू येईनात."

 तेवढ्यात मेव्हणा हसला. त्याने लगेच खोकून बघितलं, पण हसू खोकल्यात मावेना.

"हसलास का?" ड्रमर म्हणाला.

"काही नाही, दाजी."

"हसलास का ते सांग."

मेव्हण्याने बास छातीशी धरला. "ताई हेच म्हणायची."

"काय म्हणायची?"

"जाऊ दे ना, दाजी. आता कशाला?"

"काय म्हणायची?"

"हा डावीकडे गेला की कोणीतरी माझ्या कानाशी पातेलं घासतंय असं वाटतं. अशी म्हणायची. पहिल्या रविवारपासून."

"आणि मान?"

"कान वाचवायची."

ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. उजवी उचलली, तिचं टोक बघितलं, परत ठेवली.

"मला का नाही सांगितलं?"

"कशी सांगणार? तुम्ही दोन रविवार जमिनीवर बसून खिळ्यांसाठी झांजेला स्वतःच्या हाताने भोकं पाडली होती. बोट कापून घेतलंत. ताई म्हणाली, एवढं माझ्यासाठी केलंय, सोसते. मलापण बजावलं होतं, बोललास तर घरात घेणार नाही." तो थांबला. "जेवायला तुमच्याकडेच यायचो मी तेव्हा."

नर्सबाईंनी काही न समजून मास्तरांकडे बघितलं. मास्तर स्टुलावरून उठून ड्रमच्या शेजारी आले. आवाज उतरवून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले.

"उतरवू या आता. मी धरतो. कारणच उरलं नाही."

"नाही."

"अहो, तिलाही नको होती ती!"

"मला हवी आहे."

हे तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की हॉलच्या दारात खुर्च्या लावणाऱ्या वॉचमनने वळून बघितलं. ड्रमर स्वतःही जरा दचकला. बावीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं. दुकानात ती झांज पहिल्यांदा वाजवली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. तेव्हा शेजारी कोणी गात नव्हतं.

तो उठला. डावीचा स्टँड वीतभर मागे घेतला, वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि बोटाने टिचकी मारून झांज मोकळी हलते का ते बघितलं.

"तुमचे कागद इथे ठेवा," तो नर्सबाईंना म्हणाला. "तुम्ही गात असाल तोवर मी उजवीवर. तुमच्या कानाला त्रास होणार नाही."

"आणि डावी?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचा एकट्याचा तुकडा आला की डावी."

"माझ्या तुकड्याला? आणि माझे कान?"

"मान वळवा."

नर्सबाई हसल्या. मास्तर काहीतरी पुटपुटत पियानोकडे गेले, स्टूल दोनदा पुढेमागे केलं आणि बसले. गॅरेजवाल्याचं नाव त्या दिवशी परत निघालं नाही.

चारला दार उघडलं. नेहमीची मंडळी आली. काठीवाले काठ्या भिंतीला टेकवून जोडीदाराचा हात धरायला पुढे झाले. दोन गाणी उजवीवर गेली. नर्सबाईंचा शब्द न शब्द हॉलच्या टोकापर्यंत ऐकू गेला, आणि ड्रमरला कबूल करावं लागलं की असा तो पूर्वी कोणाचाच गेला नव्हता.

तिसऱ्या गाण्यात दोन कडवी झाली. नर्सबाईंनी माइक खाली घेतला आणि एक पाऊल बाजूला झाल्या. मास्तरांची बोटं वरच्या पट्ट्यांकडे धावली.

ड्रमरचा हात डावीकडे गेला. या वेळी वाटेत कुठे थांबला नाही.

खिळ्यांचा आवाज छताला जाऊन पसरला. जवळचं एक जोडपं वळून बघायला लागलं. निळ्या स्वेटरच्या आजी एक पाऊल चुकल्या, मग त्यांनी पावलंच लांब टाकायला सुरुवात केली. आपला पियानो त्या सळसळीत बुडू नये म्हणून मास्तर पट्ट्यांवर जोर देऊ लागले. रागाने त्यांची मान लाल झाली होती आणि कित्येक महिन्यांत वाजवलं नव्हतं इतकं चांगलं वाजवत होते. ड्रमरने त्यांना सवलत दिली नाही.

"तेव्हाच बोलायचं होतंस," तो म्हणाला. "बावीस वर्षं! एकदा तरी बोलायचं होतंस."

मेव्हण्याने बास वाजवता वाजवता कान त्याच्याकडे केला. "काय म्हणालात, दाजी?"

"तुला नाही बोललो."

आणि त्याने काठी झांजेच्या मधल्या उंचवट्यावर नेली, जिथे ती सगळ्यात मोठ्याने वाजते.