जिन्याखालची धूळ

संग्रहालयाच्या फरशीत तोंड बघावं, अशी माझी झाडलोट. अठरा वर्षांत त्यावर बोट ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही. फक्त मागच्या जिन्याखाली मी कधी झाडू घातला नाही. तिथे वाकलं की कंबर धरते, आणि तिकडे बघतं कोण?

कीटकविभागाच्या बाई चार महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. उभी हयात त्यांनी मुंगीसिंहांच्या एका प्रजातीपायी घालवली. मुंगीसिंह म्हणजे मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंग्यांची वाट बघणारी अळी. पुढे तिला चतुरासारखे पंख फुटतात. बाईंच्या प्रजातीचे पंखवाले किडे आमच्याच दिव्यावर यायचे, पण त्यांची अळी जगात कुणी पाहिली नव्हती. ती शोधायला रानातले खड्डे उकरून उकरून बाईंचे गुडघे कामातून गेले होते.

तपासणी येणार म्हणून मी एकदाची चरफडत जिन्याखाली शिरले. सुपलीतल्या धुळीतून काहीतरी पुढे चालत आलं आणि बोटाला कडकडून चावलं. गुबगुबीत अंग, विळ्यांसारखे दोन जबडे. दिसायला मुंगीसिंहच, पण खड्डा कुठेच नव्हता, आणि खड्डेवाले तर मागेमागेच सरकतात, असं बाई सांगायच्या.

मी पेचात पडले. सांगावं तर अठरा वर्षांचं पितळ उघडं पडणार. सुपली कचऱ्यात उपडी केली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण बाईंचे गुडघे डोळ्यांपुढे आले, आणि मी स्वतःवरच चिडत त्यांच्या खोलीत गेले.

"जिन्याखाली सापडलं," मी म्हटलं. "तिथे मी कधीच झाडत नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. ही खड्डा करतच नसणार, नुसती धुळीत दबा धरून बसत असणार, आणि आपण जन्मभर खड्डेच शोधले, म्हणाल्या.

खात्री मात्र पंख फुटल्यावरच होणार होती. अळीने मुंग्या खाल्ल्या, धुळीचा गोल कोष विणला. निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना त्यातून बाईंचाच किडा बाहेर आला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दोनदा फरशी पुसली.

किडा टोचलेल्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर बाईंनी लिहिलं : 'मागचा जिना, अठरा वर्षं न झाडलेली धूळ.' खाली माझं पूर्ण नाव. मी म्हटलं, तेवढं 'न झाडलेली' खोडा, माझी लाज राखा.

"खोडलं तर पुढच्या माणसाला कुठे शोधायचं ते कळायचं नाही," बाई म्हणाल्या.

परवा नवे साहेब जिन्याखाली बोट दाखवून विचारत होते, इथे कोण झाडतं? मी म्हटलं, कुणी नाही, आणि त्यांना वर नेऊन माझं नाव दाखवलं.